बे, दोन आणि दुल

कोरियन मालिकांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. आई माशाचा तुकडा काड्यांनी उचलून मुलाच्या भातावर ठेवते आणि म्हणते, "मानी मॉगॉ." आपल्याकडची आई "पोटभर जेव" म्हणते, तोच हा उद्गार. 'मॉगॉ' म्हणजे खा, 'मानी' म्हणजे पुष्कळ. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी मालिका तिथेच थांबवली आणि तेवढाच संवाद पुन्हा पुन्हा ऐकला. इंग्रजीत पुष्कळ म्हणजे 'मेनी', आणि स्पेलिंग पाहावं तर चक्क 'मानी'! लंडन आणि सोल यांच्यात जवळजवळ नऊ हजार किलोमीटरचं अंतर आहे. मधे अख्खा रशिया आहे, मंगोलिया आहे, चीन आहे. एवढं सगळं ओलांडून हा शब्द तिथे पोचला तरी कसा?

एकदा कान टवकारले की मग असे शब्द भेटतच जातात. कोरियनमध्ये दोन म्हणजे 'दुल'. आपलं 'दोन', लॅटिनमधलं 'दुओ' आणि हे 'दुल' एका माळेत ओवावेत असे. बी म्हणजे 'स्सी', इंग्रजीत 'सीड'. शेण, विष्ठा यांना 'त्तोंग', इंग्रजीत 'डंग'. एक शब्द योगायोग म्हणून सोडून देता येतो, पण चार-चार?

हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडला होता. हाइनरिख कोपेलमान या जर्मन अभ्यासकाने १९३३ साली कोरियन आणि युरोपीय भाषांना एकाच 'युरेशियन' कुळात बसवणारं पुस्तक लिहिलं. आंद्रे एकार्ट हे बेनेडिक्टाइन मिशनरी १९०९ साली कोरियात गेले, तिथली भाषा आणि कला त्यांनी आयुष्यभर अभ्यासली, आणि १९६६ साली कोरियन भाषा इंडो-युरोपीय कुळातलीच आहे असं मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. सोलमध्ये राहणाऱ्या होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्याची नजर त्याआधीच, १९०५ साली, दुसरीकडे गेली होती. त्यांनी कोरियनची तुलना थेट आपल्या दक्षिणेतल्या द्राविडी भाषांशी केली. तमिळमध्ये गवताला 'पुल' म्हणतात, कोरियनमध्येही 'पुल'. दिवस तमिळमध्ये 'नाळ', कोरियनमध्ये 'नाल'. ही माणसं भाषेवर जीव असलेली, वर्षानुवर्षं कोरियन ऐकलेली होती. त्यांना जे ऐकू आलं ते खरोखरच तिथे आहे. प्रश्न एवढाच, की सारखेपणा म्हणजे नातं का?

याचं उत्तर शोधायला कोरियाला जावं लागत नाही. ते आपल्या पाढ्यांत आहे.

बे एके बे, बे दुणे चार. आपण मोजताना म्हणतो 'दोन' आणि पाढा म्हणताना म्हणतो 'बे'. 'बे' आणि 'दोन' यांत एकही वर्ण समान नाही. तरीही दोघांचं मूळ एकच, संस्कृतमधलं 'द्वि'. 'द्व' हे जोडाक्षर जिभेला जड. एका वाटेने त्यातला 'व' गळला आणि 'द' उरला, ते 'दोन' आणि 'दुणे'. दुसऱ्या वाटेने 'द' गळला आणि 'व'चा 'ब' झाला, ते 'बे', 'बारा', 'बावीस', 'बत्तीस'. लॅटिनमध्येही नेमकं हेच झालं. तिथे 'दुओ' म्हणजे दोन, पण दोनदा म्हणजे 'बिस'. 'बायसिकल'मधला 'बाय' तोच. म्हणजे 'बे एके बे' म्हणणारं पोर आणि सायकल चालवणारं पोर एकच जुना शब्द वापरत असतं.

याच्याही पुढची गंमत आर्मेनियनची. ती इंडो-युरोपीय कुळातलीच भाषा, आणि तिच्यात दोनला म्हणतात 'एर्कू'. 'द' नाही, 'व' नाही, 'ब'सुद्धा नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवून दिलं, की मूळ शब्दातल्या आरंभीच्या 'द्व'चा आर्मेनियनमध्ये 'र्क' होतो, आणि हा बदल त्याच स्थितीतल्या दुसऱ्या शब्दांतही दिसतो. तेव्हा 'एर्कू' हा आपल्या 'दोन'चा सख्खा चुलतभाऊ. चेहरा जुळत नाही, पण वंशावळ जुळते.

वंशावळ जुळते ती नियमांमुळे. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे 'द' आहे तिथे इंग्रजीत 'ट' सापडतो: दोनला 'टू', दहाला 'टेन', दाताला 'टूथ'. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हे बदल नीट मांडून दाखवले. परीकथा गोळा करणारे ग्रिमबंधू म्हणतात, त्यांच्यातले हे थोरले. खरं नातं असं घरादारासकट येतं. एक शब्द आला की त्याच्यामागून त्याची भावंडंही येतात.

आता 'दुल'ला याच कसोटीवर उभं करू. 'दुल' जर 'दोन'चा नातेवाईक असेल तर दहा आणि दात यांनाही कोरियनमध्ये 'द'ने सुरुवात व्हायला हवी, निदान कुठल्या तरी एका ठरावीक वर्णाने तरी. पण कोरियनमध्ये दहा म्हणजे 'यॉल' आणि दात म्हणजे नुसतं 'इ'. तीन म्हणजे 'सेत', चार म्हणजे 'नेत'. 'दुल' एकटाच आला आहे, त्याच्यासोबत कुणी नाही.

दुसरी कसोटी मला अधिक सुंदर वाटते. नातं खरं असेल तर काळात मागे जावं तसतसे शब्द एकमेकांच्या जवळ येतात. 'दात' आणि 'टूथ' आज लांबचे वाटतात. पण मागे गेलं की संस्कृतमध्ये 'दन्त', लॅटिनमध्ये 'देन्त', आणि इंग्रजीची जुनी बहीण गॉथिक, तिच्यात 'तुन्थुस'. इंग्रजीतला 'न' वाटेत गळून पडला, तो गॉथिकने जपून ठेवला होता. हजार-दीड हजार वर्षं मागे गेलं तर दोन्ही दात शेजारी येऊन बसतात. कोरियन शब्द मागे नेले तर काय होतं?

कोरियनला आपल्या उच्चारांची मोठी खात्रीची साक्ष लाभली आहे. राजा सेजोंग याने १४४३ साली कोरियन भाषेसाठी नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. आज तिला हांगुल म्हणतात. ती अक्षरं उच्चारावरून घडवलेली असल्यामुळे पंधराव्या शतकातले लोक कसे बोलत हे त्या काळच्या ग्रंथांतून जवळजवळ ऐकू येतं. त्या ग्रंथांत बीसाठी 'स्सी' लिहिलेलं नाही. 'प' आणि 'स' ही अक्षरं जोडून लिहिलं आहे 'प्सी'. तांदळाला आज 'स्साल' म्हणतात, तेव्हा लिहिलं जायचं 'प्साल'. शेणाचा 'त्तोंग' तेव्हा होता 'स्तोंग'. आजच्या कोरियनमध्ये जे व्यंजन घट्ट दाबून उच्चारलं जातं, तिथे पूर्वी अनेकदा अशी जोडाक्षरं होती.

हा 'प' कोरियन शेतकऱ्याच्या तोंडातून आजही पुरता गेलेला नाही. राळ्याला कोरियनमध्ये 'जो' म्हणतात. राळ्याचे कांडून काढलेले दाणे म्हणजे 'जो' अधिक 'स्साल', तेव्हा 'जोस्साल' व्हायला हवं. पण म्हणतात 'जोप्साल'. भाताचं पीक म्हणजे 'ब्यॉ', बी म्हणजे 'स्सी', आणि पेरायच्या भाताचं बियाणं म्हणजे 'ब्यॉप्सी'. नव्या हंगामाचा तांदूळ 'हेप्साल'. हा मधला 'प' कुठून येतो हे आज बाजारात तांदूळ तोलणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. एकट्या शब्दातून तो केव्हाच गेला. जोडशब्दात मात्र दोन स्वरांच्या कुशीत आसरा घेऊन राहिला, पाचशेहून जास्त वर्षं. दगडात शंखाचा ठसा सापडावा तसं हे आहे.

त्याच्याही मागे एक साक्ष आहे. ११०३ साली चीनच्या सोंग दरबाराचा सुन मू नावाचा अधिकारी कोरियात आला होता. त्याने साडेतीनशेहून अधिक कोरियन शब्द टिपून ठेवले, चिनी अक्षरांत, ऐकू येतील तसे. कोरियन लोक तांदळाला काय म्हणतात हे लिहिताना त्याने जी दोन अक्षरं वापरली, ती चीनमध्ये 'बोधिसत्त्व' लिहायला वापरत. बोधिसत्त्वाचं चिनी रूप तेव्हा 'पोसात'सारखं उच्चारलं जाई, कोरियात त्याचं 'बोसाल' होतं. त्याला अर्थाशी कर्तव्य नव्हतं, ध्वनी जवळचा वाटला म्हणून त्याने ती अक्षरं घेतली. भाताच्या वाडग्यासमोर बसलेला तो पाहुणा 'स्साल' ऐकून असं लिहिणं शक्य नाही. त्याच्या कानावर 'पोसाल'सारखंच काही पडलं असणार. 'दुल'साठी त्याने लिहिलं आहे 'तुबुल'च्या जवळचं काहीतरी.

तेव्हा इंग्रजी 'सीड' आणि कोरियन 'स्सी' यांना मागे नेलं तर 'सीड' पेरण्याच्या धातूकडे जातो, 'सो' या क्रियापदाचा तो भाऊ, आणि 'स्सी' जातो 'प्सी'कडे. दोघे जवळ येत नाहीत, लांब जातात. आपण त्यांना पाहिलं ते त्यांच्या वाटा एका चौकात एकमेकींना छेदत असताना.

'मानी'चंही तसंच. कोरियन शब्दाचा गाभा 'मान्ह' आहे. तो 'ह' आज ऐकू येत नाही, पण लिहिताना अजून लिहावा लागतो. शेवटची 'ई' हा क्रियाविशेषणाचा प्रत्यय. इंग्रजी 'मेनी' हजार वर्षांपूर्वी 'मानिग' होता, म्हणजे त्याचीही 'ई' प्रत्ययाचाच उरलेला तुकडा. दोन वेगळे प्रत्यय झिजून सारखे झाले. उरला तो 'मान', दोन व्यंजनं आणि एक स्वर.

असे योगायोग किती सहज घडतात याचा आपल्याला अंदाज नसतो. एका खोलीत २३ माणसं जमली तर त्यांतल्या कुणा ना कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शब्द तर हजारोंनी असतात आणि माणसाच्या तोंडातून निघणारे ध्वनी मोजकेच. फारसीत वाईटाला 'बद' म्हणतात आणि इंग्रजीत 'बॅड'. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये एम्बाबरम नावाची भाषा होती. रॉबर्ट डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात तिच्या जाणकाराकडे शब्द विचारायला गेले, आणि कुत्र्याला काय म्हणता म्हटल्यावर उत्तर मिळालं, 'डॉग'! इंग्रजांकडून घेतलेला शब्द असेल असं कुणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात, आणि एम्बाबरममध्ये शब्दांचं पहिलं अक्षर गळण्याची रीतच आहे. 'गुडागा'चं झिजत झिजत 'डॉग' झालं. इंग्रज त्या किनाऱ्याला लागले नसते तरी ते कुत्रं 'डॉग'च असतं.

आईबापांच्या शब्दांचा तर विचारच करू नये. कोरियन 'ऑम्मा' आणि 'आप्पा' ऐकून आपल्याला अम्मा-अप्पा आठवतात आणि इंग्रजाला मामा-पापा. रोमान याकोब्सन यांनी याचं साधं कारण दाखवलं: ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून आपोआप 'म' आणि 'प' बाहेर पडतात, आणि पाळण्यापाशी जो वाकलेला असतो त्याला वाटतं आपल्यालाच हाक मारली. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप, आपल्याकडे आईचा भाऊ.

इथे येऊन कुणी हिरमुसेल, की मग युरोप आणि कोरिया यांच्यात काहीच नाही का? आहे की. आणि जे आहे ते या सगळ्या दिसण्यापेक्षा कितीतरी रसाळ आहे. शब्द जन्माने नातेवाईक नसले तरी प्रवास करतात.

सोलमध्ये पावाला म्हणतात 'प्पांग', बेकरीला 'प्पांगजिप', म्हणजे पावाचं घर. पोर्तुगीजांचा 'पांव' शब्द, शेवटी नाकातून सोडलेला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि हा शब्द आपल्याकडे 'पाव' झाला. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि तिथे तो 'पान' झाला. जपान्यांकडून तो कोरियात गेला आणि झाला 'प्पांग'. मूळचा अनुनासिक त्यांनी ठेवला, आपण तो टाकून 'व' ठेवला. मुंबईचा पाववाला आणि सोलचा बेकरीवाला एकाच शब्दावर पोट भरतात, आणि इथे दुवा तारखेनिशी, बंदरानिशी दाखवता येतो.

असे पाहुणे कोरियनमध्ये पुष्कळ आहेत. कॉलेजातली मुलं फावल्या वेळात नोकरी करतात तिला 'आल्बा' म्हणतात. जर्मन 'आर्बाइट', म्हणजे काम, जपानमार्गे आलं आणि कापून अर्धं केलं. रशियन 'पार्टिझान' झाला 'प्पालचिसान'. कोरियनमध्ये लाल म्हणजे 'प्पालगान' आणि 'सान' म्हणजे डोंगर. जिरिसानच्या डोंगरात लपून लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांना हा शब्द असा बसला, जणू त्यांच्यासाठीच घडवलेला.

आपल्याकडूनही माल गेला आहे, बौद्ध ग्रंथांच्या गाठोड्यातून, चीनमार्गे. कोरियनमध्ये क्षणाला 'छाल्ला' म्हणतात, तो आपला 'क्षण'च. जिथे सगळा गोंधळ माजला आहे अशी जागा म्हणजे 'आसुराजांग', असुरांचं मैदान. आणि 'गॉनदाल' म्हणजे रिकामटेकडा, गुंड. हा मूळचा कोण? गंधर्व! ज्या शब्दाने आपण नारायणराव राजहंसांना बालगंधर्व केलं, तो सोलच्या गल्लीत टवाळखोर होऊन उभा आहे. गाण्याबजावण्यात दिवस घालवणारा, म्हणून कामधंदा नसलेला, अशी त्याची घसरण झाली.

पण मला सगळ्यांत जास्त मोह पडला तो मधाचा.

चीनकडून घेतलेल्या शब्दांना कोरियनमध्ये एक पक्का नियम लागतो. जुन्या चिनी उच्चारात शेवटी 'त' असेल तर कोरियनमध्ये त्याचा 'ल' होतो. हाँगकाँगच्या कँटोनीजने तो 'त' अजून जपला आहे, त्यामुळे ताडून पाहता येतं. तिथे एक म्हणजे 'यात', कोरियनमध्ये 'इल'. आठ 'पात', कोरियनमध्ये 'पाल'. चंद्र 'युत', कोरियनमध्ये 'वॉल'. बुद्ध 'फात', कोरियनमध्ये 'बुल', आणि ग्योंगजूच्या प्रसिद्ध बुल्गुक्सा मंदिराच्या नावात तोच बसला आहे. मध 'मात', कोरियनमध्ये 'मिल'. नातं किंवा उसनवारी सिद्ध होते ती अशी, ओळीने, एकही पंगत न मोडता.

चीनमध्ये हा मधाचा शब्द पूर्वी 'मित'सारखा उच्चारला जाई. तो चिन्यांना कुठून मिळाला? आजच्या शिनजियांगमधल्या कुचा आणि तुर्फान या वाळवंटी गावांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनी हस्तलिखितं निघाली. लिपी ब्राह्मी, आपल्या देवनागरीची आजी, आणि मजकूर बहुतांश बौद्ध. भाषा मात्र कुणाच्याच ओळखीची नव्हती. १९०८ साली एमिल झीग आणि विल्हेल्म झीग्लिंग या जर्मन विद्वानांनी दाखवून दिलं, की ही इंडो-युरोपीय कुळातली आजवर माहीत नसलेली शाखा आहे. तिला तोखारी म्हणतात. तिच्यात बाप 'पाचेर', आई 'माचेर', शंभर 'कान्ते', लॅटिनच्या 'केन्तुम'च्या शेजारी बसणारं. आणि मध म्हणजे 'मित'. संस्कृत 'मधु', रशियन 'म्योद', लिथुआनियन 'मेदुस', इंग्रजीतली मधाची दारू 'मीड' आणि हे 'मित' अशी एका घरची ही भावंडं. या तोखारींच्या पूर्वजांकडून चिन्यांनी मधाबरोबर मधाचा शब्द घेतला असं बहुतेक अभ्यासक मानतात. चीनमधून तो कोरियात गेला आणि नियमाप्रमाणे 'त'चा 'ल' होऊन 'मिल' झाला.

'मानी' आणि 'मेनी' चेहऱ्याने जुळे, पण त्यांचं काही नातं नाही. 'मध' आणि 'मिल' यांच्यात 'म'शिवाय काही सारखं राहिलेलं नाही, आणि रक्त एकच.

लग्नानंतरच्या दिवसांना आपण 'मधुचंद्र' म्हणतो, कोरियनमध्ये 'मिलवॉल' असा शब्द आहे. 'मिल' म्हणजे मध, 'वॉल' म्हणजे चंद्र. दोन पक्षांची गट्टी जमली की सोलची वर्तमानपत्रं 'मिलवॉल' लिहितात, आपली वर्तमानपत्रं 'मधुचंद्र' लिहितात. दोन्ही शब्द इंग्रजी 'हनीमून'वरून बेतलेले आहेत. त्यांतला 'मधु' आणि 'मिल' एकाच शब्दाचे वंशज आहेत. 'हनी' त्यांच्या घरचा नाही, तो वेगळ्याच धातूपासून आला आहे.